बॉम्ब, रेडिओ आणि पार्श्वसंगीत

थरारपटाची सुरुवात कशी असावी याविषयी आपल्याकडे एक मत इतके रुळले आहे की आता ते कोणी मांडतही नाही, सगळे गृहीत धरूनच चालतात. चित्रपट-परीक्षणांत ते डोकावते, पटकथेच्या कार्यशाळांत शिकवले जाते, ओटीटीसाठी मालिका करणारी तरुण मंडळी ते नियमासारखे पाळतात. ते असे : पहिल्या दोन-तीन मिनिटांत प्रेक्षकाला पकडले नाही तर तो गेलाच. त्याला पकडायचे तर कॅमेरा हातातला आणि अस्वस्थ हवा, शॉट आखूड हवेत, आणि या सगळ्याखाली छातीत धडधड उठवणारे बॅकग्राउंड हवे. गोष्ट मागाहून उलगडेल, आधी वातावरण तापले पाहिजे. म्हणजे कॅमेरा आणि ध्वनी ही ताण वाढवण्याची यंत्रे. जितकी जोरात चालवावीत तितका ताण जास्त.

हे मत मला मुळातूनच अमान्य आहे. ताण पडद्यावर तयार होत नाही, तो प्रेक्षकाच्या मनात तयार होतो. त्याला काहीतरी ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असलेल्या गोष्टीपुढे वेळ सरकत असतो. कॅमेऱ्याचे आणि ध्वनीचे काम त्याच्यापर्यंत ती माहिती पोचवणे आणि मग त्याला वेळ मोजू देणे, एवढेच आहे. सतत वाजणारे संगीत आणि सतत हलणारी चौकट या मोजण्यातच अडथळा आणतात.

पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला काही किंमत उरत नाही, म्हणून तो आधी पुऱ्या ताकदीने मांडतो. १९६० सालच्या ‘सायको’ची श्रेयनामावली आठवा. सॉल बासच्या आडव्या-उभ्या पट्ट्या सरकत असतात आणि बर्नार्ड हरमनचा फक्त तंतुवाद्यांचा वाद्यमेळ कापत जातो. अजून पडद्यावर एकही माणूस आलेला नसतो, तरी प्रेक्षक खुर्चीत सावरून बसलेला असतो. १९७५ सालचा ‘जॉज’ घ्या : पाण्याखालून सरकणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. शार्क दिसत नाही, तरी पाण्याची भीती बसते. गती हवी असेल तर २००४ सालचा ‘द बॉर्न सुप्रीमसी’ आहे. पॉल ग्रीनग्रासच्या हलत्या कॅमेऱ्याने पुढच्या कितीतरी ॲक्शनपटांचा चेहरा बदलला. अभ्यासकांचाही आधार आहे. डेव्हिड बोर्डवेल यांनी अमेरिकन चित्रपटांतल्या शॉटची सरासरी लांबी मोजली, तेव्हा १९३० ते १९६० या काळात ती बहुतेक ८ ते ११ सेकंद भरली. शतकाच्या शेवटी ती ३ ते ६ सेकंदांवर उतरली होती. पूर्वपक्ष म्हणतो, प्रेक्षकाची नाडीच बदलली आहे, तुम्ही जुन्या नाडीवर औषध देता आहात.

आता उत्तर. चित्रपटकलेत शुद्ध प्रयोग जवळजवळ कधी करता येत नाही. एक दृश्य दोन तऱ्हांनी करून दोन्ही लोकांसमोर ठेवावे, अशी संधी कोणाला मिळते? एकदा मात्र ती आपोआप मिळाली आहे, आणि तीही नेमकी एका थरारपटाच्या सुरुवातीबाबत. ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ इव्हिल’ १९५८ साली आला. त्याचा पहिला शॉट चित्रपटाच्या इतिहासात गाजला आहे, पण त्याच्या कॅमेऱ्याचे कौतुक करण्याच्या नादात त्याच्या ध्वनीचा धडा आपण बाजूला टाकला.

आधी चित्र पाहू. चौकटीत दोन हात आणि एक बॉम्ब. हात बॉम्बचा काटा फिरवतात आणि साधारण तीन मिनिटांवर आणून सोडतात. लांबून एका बाईचे हसू ऐकू येते. हातांचा मालक दचकून वळतो, कॅमेराही वळतो. माणूस भिंतीच्या कडेने पळतो, त्याची सावली त्याच्याहून मोठी. टप उघडा असलेल्या मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवून तो नाहीसा होतो. ती हसणारी बाई आणि तिच्याबरोबरचा पुरुष येऊन मोटारीत बसतात आणि मोटार निघते. क्रेनवरचा कॅमेरा छपरावर चढतो, मोटार एका इमारतीमागे जाते आणि पलीकडून पुन्हा दिसते. गाव मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचे आहे, चित्रण झाले कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये. चौकात पोलीस मोटार थांबवतो. तेवढ्यात एक नवविवाहित जोडपे पायी जाताना चौकटीत शिरते, चार्ल्टन हेस्टन आणि जॅनेट ली. कधी मोटार त्यांच्या पुढे, कधी ती दोघे मोटारीच्या पुढे. शेळ्यांचा कळप आडवा येतो. सीमेच्या नाक्यावर मोटार आणि जोडपे अगदी शेजारी उभे राहतात. मोटारीतली बाई पहारेकऱ्याला सांगते की माझ्या डोक्यात कसली तरी टिकटिक चालली आहे. कोणी लक्ष देत नाही. मोटार पुढे निघून जाते, जोडपे चुंबनासाठी थांबते, आणि चौकटीबाहेर कुठेतरी स्फोट होतो. इथवर एकही कट नाही. शॉट तीन मिनिटांहून थोडा जास्त चालतो, म्हणजे बॉम्बच्या काट्याएवढाच.

छायाचित्रकार रसेल मेटी. त्यांच्या क्रेनचे कसब थक्क करणारे आहेच, पण ते कशासाठी खर्ची पडले ते पाहिले पाहिजे. कॅमेरा कुठेही थरथरत नाही, कोणाच्या चेहऱ्यावर झेपावत नाही. तो फक्त एक अंतर दाखवत राहतो : बॉम्ब आणि माणसे यांच्यातले अंतर. ते घटते, वाढते, पुन्हा घटते. कट नसल्यामुळे प्रेक्षकाला पक्के माहीत असते की मध्ये एकही क्षण गाळलेला नाही, म्हणजे काट्यावरचा वेळ आणि आपला वेळ एकच आहे.

वेल्सच्या हातून हा चित्रपट युनिव्हर्सल स्टुडिओने काढून घेतला. प्रदर्शित झालेल्या प्रतीत या शॉटवर श्रेयनामावलीची अक्षरे चढवली होती आणि खाली हेन्री मॅन्सिनीचे संगीत होते, बोंगोच्या ठोक्यांवर धावणारे, पितळी वाद्यांनी उसळणारे. वेल्सने डिसेंबर १९५७ मध्ये स्टुडिओला ५८ पानी टिपण लिहिले. त्यातल्या मागण्यांपैकी एक होती की सुरुवातीला वेगळे पार्श्वसंगीत नको. सीमेवरच्या या गल्लीत जी दारूची दुकाने आणि नाचघरे आहेत, त्यांच्या दारांतून, कर्ण्यांतून, मोटारीच्या रेडिओवरून जे वाजेल तेच ऐकू यावे. ते झाले नाही. पुढे १९९८ साली, वेल्स जाऊन तेरा वर्षे झाल्यावर, निर्माते रिक श्मिडलिन आणि ध्वनी-संकलक वॉल्टर मर्च यांनी त्या टिपणाबरहुकूम चित्रपट नव्याने बांधला. नावे शेवटी नेली, मॅन्सिनीचे संगीत या शॉटवरून काढले आणि गल्लीचा आवाज आत आणला.

दोन्ही प्रती एकामागोमाग पाहाव्यात, अशी माझी प्रत्येक चित्रपट-विद्यार्थ्याला मनापासून विनंती आहे. मॅन्सिनीचे संगीत वाईट नाही. स्वतंत्र ऐकले तर फार चांगले आहे, आणि अजूनही कित्येकांना तीच प्रत आवडते. पण ते या शॉटमध्ये नेमके काय करते? पहिल्या चौकटीपासून ते ‘धोका, धोका’ म्हणत राहते. मोटार जवळ असो की चार इमारती पलीकडे, ठोका तोच. बॉम्ब कोठे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. प्रेक्षक काही क्षणांत त्या लयीवर बसतो आणि लयीवर बसलेला माणूस मोजायचे थांबवतो. १९९८ च्या प्रतीत दर दहा पावलांवर नवे संगीत आहे. एका दारातून एक, पुढच्या दारातून दुसरे, आणि या गर्दीत मोटारीच्या रेडिओचा आपला असा आवाज. मोटार चौकटीबाहेर जाते तेव्हा रेडिओ बारीक होत जातो आणि आपला श्वास सुटतो. जोडप्याकडे पाहत असताना तोच रेडिओ कडेने पुन्हा मोठा होऊ लागतो, आणि मोटार दिसायच्या आधी आपल्याला कळते की बॉम्ब जवळ येतो आहे. इथे कान डोळ्यांच्या पुढे धावतात. आणि मग ते टिकटिकीचे वाक्य. वाद्यवृंदाखाली ते केवळ एक संवाद होते. वाद्यवृंद गेल्यावर प्रेक्षक नकळत कान टवकारतो, ती टिकटिक आपल्याला ऐकू येते का ते शोधू लागतो. ताण वाढवण्यासाठी एक गोष्ट काढून टाकली गेली, आणि ताण वाढला. पूर्वपक्षाचे यंत्राचे गणित इथे उलटे पडते.

या मागचे तत्त्व नवे नाही. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रांस्वा त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला आहे : बॉम्ब अचानक फुटला तर काही क्षणांचा धक्का, बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितले तर तेच रटाळ संभाषण असह्य होते. हा दाखला आपल्याकडे वारंवार सांगितला जातो, पण कथेच्या तासाला. कॅमेरा आणि ध्वनी यांच्या तासाला तो कोणी नेत नाही. नेला तर दिसेल की दचकवणारा मोठा आवाज, मग तो दार आपटण्याचा असो की वाद्यवृंदाचा, त्या काही क्षणांच्या धक्क्याच्या खात्यात जमा होतो.

यावर लगेच कोणी म्हणेल, म्हणजे लांब शॉट चांगला आणि कट वाईट, असेच ना? तसे मी म्हणत नाही. हिचकॉकच्याच ‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) बसमधून बॉम्ब घेऊन निघालेल्या पोराचा प्रसंग घड्याळे, रहदारी, पुडके असा तुकड्यातुकड्यांनीच रचला आहे. प्रत्येक कटने एक माहिती दिली आणि वेळ पुढे नेली, तर कट हा ताणाचा उत्तम मित्र. कटने जागेचे भान घालवले की तो शत्रू. २००८ सालच्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’ची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कॅमेरा इटलीतल्या सरोवरावरून एका बोगद्याकडे सरकतो, मध्येच क्षणभर मोटारीचे तुकडे चमकून जातात, काहीतरी येते आहे एवढे कळते. हे काही क्षण खरोखर ताणाचे आहेत. मग पाठलाग सुरू होतो, शॉट इतके तुटतात की कोणती मोटार कोणाच्या मागे आहे ते कळेनासे होते, आणि नायक वाचेल का हा प्रश्नच मनातून निघून जातो. बोर्डवेल यांच्या आकड्यांनी शॉट आखूड झाले एवढे सिद्ध होते; ताण वाढला असे त्यांतून निघत नाही.

‘जॉज’चे उत्तर तर पूर्वपक्षाच्या विरुद्धच जाते. विल्यम्सचे ते दोन सूर इतके परिणामकारक का, ते चित्रपटातच पुढे कळते. दोन पोरे शार्कचा पुठ्ठ्याचा खोटा पंख घेऊन समुद्रात घबराट माजवतात, तेव्हा ती धून वाजत नाही. म्हणजे ते संगीत वातावरण तापवण्यासाठी नाही, ते साक्षीदार आहे. शार्क असेल तेव्हा सांगते, नसेल तेव्हा गप्प राहते. वेल्सच्या मोटारीचा रेडिओ आणि विल्यम्सची धून एकच काम करतात, फक्त एकाचा उगम दृश्यात आहे आणि दुसरीचा दृश्याबाहेर. ज्या संगीताची साक्ष खरी असते त्याला माझा विरोध नाही. सदासर्वदा साक्ष देणाऱ्याचे मात्र कोर्टही ऐकत नाही.

‘सायको’बाबत मी पूर्वपक्षाचे थोडे मान्य करतो. हरमनचे ते संगीत माहितीशिवायच अस्वस्थ करते, यात शंका नाही. पण हिचकॉक त्या अस्वस्थतेवर किती कमी विसंबला ते पाहा. नावे संपताच तो फिनिक्स शहर दाखवतो, तारीख लिहितो, शुक्रवार ११ डिसेंबर, वेळ लिहितो, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे, आणि कॅमेरा शांतपणे शहरावरून फिरत एका हॉटेलच्या खिडकीच्या अर्धवट पडद्याखालून आत शिरतो. तारीख आणि वेळ इतकी नेमकी कशाला? कारण आपण चोरून आत शिरलो आहोत, नोंद ठेवतो आहोत, ही जाणीव त्याला द्यायची आहे. आणि तेच संगीत पुन्हा येते तेव्हा नायिका मॅरियन चाळीस हजार डॉलर घेऊन मोटार हाकत असते. पहिल्या वेळी ते केवळ अस्वस्थ करणारे होते. आता त्याला विषय मिळाला आहे, आणि आता ते खरे टोचते.

पण माझ्या मताचा सर्वांत भक्कम आधार वेल्सच्याही आधीचा आहे. फ्रिट्झ लांगचा ‘एम’, १९३१, त्याचा पहिला बोलपट. पार्श्वसंगीत अजिबात नाही. पडदा काळा असतानाच एका मुलीचा आवाज येतो. वाड्याच्या अंगणात मुले गोल करून उभी आहेत, मधली मुलगी खुन्याच्या नावाचे गाणे म्हणत एकेकाला बाद करते आहे. वरून एक बाई रागावते, हे गाणे म्हणू नका. मुले थांबतात आणि ती आत गेली की पुन्हा सुरू करतात. पुढे एल्सी नावाच्या मुलीची आई कपडे धुते आहे. घड्याळात बाराचे ठोके पडतात, ती हात पुसून हसते, शाळा सुटली. ती ताटली मांडते, चमचा ठेवते. रस्त्यावर एल्सी चेंडू आपटत चालली आहे. चेंडू एका खांबावर आदळतो, खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्याला दहा हजार मार्कांच्या बक्षिसाची जाहिरात आहे, आणि त्या जाहिरातीवर एका माणसाची सावली वाकते. सावली गोड बोलते. तो तिला आंधळ्या विक्रेत्याकडून फुगा घेऊन देतो आणि ग्रीगची एक धून शिळेवर वाजवतो.

इकडे आई जिन्यात पावले ऐकते आणि दार उघडते. दुसरीच मुले. बेल वाजते. कादंबरीचे हप्ते विकणारा. काटे पुढे सरकलेले. ती जिन्यात वाकून हाक मारते, एल्सी. आणि त्या हाकेवर लांग एकामागून एक चित्रे ठेवतो : वरून दिसणारा मोकळा जिना, कपडे वाळत घातलेला माळा, कोणी न बसलेली खुर्ची आणि रिकामी ताटली, झुडपातून घरंगळत येणारा चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही. आवाज म्हणावा तर आईची हाक, तीही दर चित्रागणिक विरत जाणारी. या सुरुवातीला नव्वद वर्षे उलटून गेली आणि मला तिच्याहून अधिक ताणाची सुरुवात अजून सापडलेली नाही. इथे कॅमेरा जवळजवळ काहीच ‘करत’ नाही. तो रिकाम्या जागांसमोर उभा राहतो. त्या रिकाम्या का, हे आपल्याला ठाऊक असते आणि आईला नसते. शॉट आखूड आहेत, म्हणजे पूर्वपक्षाची अट पाळली आहे, पण प्रत्येक शॉट स्वच्छ आहे आणि प्रत्येकात पाहायला एकच गोष्ट आहे.

एक आक्षेप माझ्या मतावर खरोखर येतो, आणि तो मीच घेतो. माहितीतून ताण तयार होतो म्हणता, मग माहिती लपवणाऱ्या सुरुवातींचे काय? कोपोलाचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) सान फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरवर खूप उंचावरून उघडतो. झूम अतिशय हळू, मिनिटामागून मिनिट खाली उतरत राहतो. गर्दीत कोणाला पाहायचे तेच कळत नाही. चौकातला वाद्यवृंद, कुत्र्याचे भुंकणे, आणि मध्येच एक विचित्र यांत्रिक खरखर, जणू आवाजच तुटला. ध्वनी पुन्हा वॉल्टर मर्चचाच. इथे बॉम्ब नाही, काटा नाही. तरी ताण आहे, कारण झूमचा तो यंत्रासारखा संथपणा आणि ती खरखर मिळून एक गोष्ट सांगतात : कोणीतरी ऐकते आहे. कोण आणि का, ते अजून कळायचे आहे. म्हणून माझे म्हणणे थोडे दुरुस्त करून सांगतो. सगळी माहिती द्यावी लागत नाही. पण जी दिली ती कानाडोळ्यांनी नेमकी पकडता आली पाहिजे. त्या खरखरीवर वाद्यवृंद चढवला असता तर ती कोणाला ऐकूही आली नसती.

शेवटचा बचाव आपल्या घरचा आहे. हे सारे परदेशी, त्यांचा प्रेक्षक वेगळा. आपल्या माणसाला संगीताशिवाय चालत नाही, असे म्हणतात. हा आपल्याच परंपरेवर अन्याय आहे. पुण्यात प्रभातच्या स्टुडिओत, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे व्ही. शांताराम यांनी १९३७ साली ‘कुंकू’ केला. थरारपट नव्हे, जरठ-बाला विवाहाची गोष्ट. त्यात पार्श्वसंगीत नाही. संगीतकार केशवराव भोळे, म्हणजे गाणी आहेत, पण प्रसंगाखाली वाद्ये नाहीत. घरातले, रस्त्यावरचे आवाज आणि भिंतीवरचे घड्याळ, एवढ्यावर म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातली घुसमट उभी केली आहे. ‘एम’नंतर सहाच वर्षांनी. तो चित्रपट मराठीत चालला आणि ‘दुनिया न माने’ म्हणून हिंदीतही चालला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी ज्यांची झोप उडवली, त्या वाचकांच्या कानांत कुठले बॅकग्राउंड वाजत होते? आणि पुण्याचेच श्रीराम राघवन ‘अंधाधुन’ची (२०१८) सुरुवात कोबीच्या शेतात करतात, सशामागे लागलेला एक बंदूकवाला आणि बंदुकीचा आवाज. त्याचा अर्थ प्रेक्षकाला चित्रपट संपत आल्यावर लागतो, आणि तोवर तो आवाज त्याने डोक्यात जपून ठेवलेला असतो. याच आपल्या प्रेक्षकाने तो चित्रपट उचलून धरला.

आज बहुतेकजण मोबाइलवर, कानात इअरफोन घालून पाहतात, म्हणून मोठा आवाज लागतो, हेही ऐकवले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. इअरफोनमध्ये जिन्यावरचे पाऊल, कपाटाची कडी, शेजारच्या खोलीतला रेडिओ जितका स्पष्ट ऐकू येतो तितका तो जुन्या एकपडदा थिएटरात, पंख्यांच्या घरघरीत आणि मागच्या रांगेतल्या गप्पांत, कधीच येत नव्हता. वेल्सला जी गल्ली ऐकवायची होती ती ऐकण्याची सोय आज खिशाखिशात आहे. ध्वनी-आरेखन करणाऱ्यांनी पहिल्या प्रसंगाचा पार्श्वसंगीताचा ट्रॅक एकदा बंद करून उरलेले आवाज दिग्दर्शकाला ऐकवावेत, आणि ते काही सांगत नसतील तर आधी ते भरावेत. संगीतकाराला बोलावणे त्यानंतर.